तिसऱ्या बाजूचं दुसरं गाणं

बसा भाऊ. नागपूरहून एवढ्या दूर तबकडी पाहाले आले, तं आधी चहा घ्या. अन् ती कडेनं धरा, मधी बोट लावू नका. मी या बाबतीत खडूस आहे, माझी बायकोही हेच म्हणते.

विकण्याचं नंतर पाहू. त्याआधी ही तबकडी माझ्या घरी कशी वाजली ते तुम्हाले सांगतो. आमचं घर खचलं तेव्हा पेपरात चार ओळी आल्या होत्या. त्यात तबकडीचं काही नव्हतं, कारण मी कोणाले सांगितलंच नाई. आम्ही बौद्ध लोक. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हाच भूतखेत, अंगात येणं, सगळं घराबाहेर काढलं. म्हणून मी जे झालं तेवढंच सांगतो. ते काय होतं, हे मले विचारू नका.

मी खुशाल वाळके. माजरीकडल्या एका कोळसा खाणीत अडतीस वर्षं नोकरी केली, इलेक्ट्रिशियन म्हणून लागलो, फोरमन होऊन निघालो. हा नाद लागला तो खाणीच्या क्लबात. तिथला रेडिओग्राम दुरुस्त करता करता कपाटातली एक जुनी तबकडी लावून पाह्यली. एक म्हातारा माणूस गिटार घेऊन गाऊन राह्यला होता. शब्द एक समजला नाई. पण दोन ओळींच्या मधी तो जसा श्वास घे, तसा श्वास मी लहानपणी घरी ऐकला होता. बाप खाणीतल्या पाळीवरून आला की तसाच दम घे. मंग कुठी तरी वाचलं की तो म्हातारा अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीत काम करत होता. तेव्हापासून ब्लूज, मंग जॅझ, मंग चांगली सुई, चांगला ॲम्प, चांगल्या तारा. वस्तीतले लोक म्हणत, खुशालभाऊले काही काम नाई, दुपारभर मयताची गाणी ऐकते. म्हणा म्हणलं.

त्याच म्हाताऱ्याची ही तबकडी. मूळ टेप शोधून परदेशातल्या एका कंपनीनं पुन्हा काढली. जाड, जड, पंचेचाळीसच्या स्पीडवर, एका तबकडीचं गाणं दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर पसरून. राजुऱ्याचा सुनिल उईके, बँकेत आहे, माझ्यासारखाच पागल. आम्ही दोघांनी मिळून दोन प्रती मागवल्या, एक त्याची, एक माझी. मी चंद्रपूरहून पार्सल आणलं ते बसमधी मांडीवर ठेवून, लेकरू धरावं तसं.

आता बापाचं सांगाच लागते, नाई तं पुढलं कळणार नाई.

बाप म्हणजे सोमाजी वाळके, खाणीत ड्रेसर. ड्रेसर म्हणजे छत पाहणारा माणूस. सुरुंग उडाला की सगळ्यांच्या आधी तो आत जाते, हातात सब्बल, म्हणजे लोखंडी पहार. पक्क्या छताखाली उभं राहून पुढचं छत ठोकते. छत चांगलं असलं तं आवाज येते ठण, घंटीवाणी. आतून सुटलेलं असलं तं ढब. ते कान पुस्तकातून येत नाई. बापाची ठोकण्याची पद्धत होती: दोन ठोके, मंग थांबणं, मंग एक. त्याले लिहिता येत नव्हतं. चांगल्या जागी खडूनं गोल काढे, वाईट जागी काट मारे, फुलीसारखी. अन् सोमाजीनं काट मारली की मॅनेजरही तिथी पाय ठेवत नसे. आमचं घर बांधलं, स्लॅब पडला, तेव्हा हा माणूस सब्बल घेऊन घरी आला. खोलीखोलीत छत ठोकलं अन् वर गोल काढले. माय दोन दिवस बोलली नाई त्याच्याशी, कारण चुना आदल्याच दिवशी मारला होता.

एक्याऐंशीच्या मार्चमधी एका गाळ्यात, खालच्या बोगद्यात, छत खाली आलं. बाप आत होता. त्याच्या मागचे सहा जण वाचले, कारण त्यानं त्यांना ओरडून मागं धाडलं होतं. बॉडी मिळाली नाई. पुढं तो भाग विटांची भिंत घालून बंद केला.

तेव्हापासून माय घर सोडत नाई. शकुबाई तिचं नाव, चौऱ्याऐंशीची आहे, कानानं ठार बहिरी. वस्तीच्या दोन बाजूंनी ओपन कास्ट, म्हणजे वरून खोदायची उघडी खाण आली, भिंतींना तडे गेले, अर्धी वस्ती उठून भद्रावतीले गेली. मी दहा वर्षं तिच्या पाया पडून राह्यलो होतो की माय, चाल. ती एकच म्हणे, "तुझा बाप इथीच खाली आहे. मी कुठी जाऊ?" माझा जीव तिच्यापाशी अन् तिचा त्या जमिनीत, असं आमचं चालून राह्यलं होतं.

तं यंदाच्या जानेवारीत तबकडी आली. बायको, नंदिनी, पोरीच्या बाळंतपणाले नागपूरले गेली होती. घरी मी अन् माय. तबकडी चांगली, म्हणून मी सुईही नवी घेतली होती. तुम्ही स्वतः बसवता ना? मंग तुम्हाले माहीत आहे, मागून केसासारख्या चार तारा येतात. पांढरी अन् निळी डाव्या बाजूची, लाल अन् हिरवी उजव्या बाजूची. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोनच महिने झाले होते. खिडकीपाशी बसून चिमट्यानं एकेक तार लावली. एक तास लागला. लावलं अन् वाजलं. छाती फुगली माझी.

काय आवाज होता, सांगू. डोळे मिटले की म्हातारा समोर खुर्चीवर. खुर्ची कुरकुरली ते ऐकू येते, बोट तारेवरून सरकलं ते ऐकू येते. बाजूले एक जण माऊथ ऑर्गन घेऊन, तो जरा मागं उभा आहे हेही कळते. जुन्या तबकडीत हे काहीच नव्हतं. तीस वर्षं मी काच न पुसता खिडकीतून पाहत होतो, असं वाटलं.

तिसऱ्या बाजूचं दुसरं गाणं एकदम संथ आहे. म्हातारा एक ओळ म्हणते अन् थांबते. कोणीच काही वाजवत नाई, नुसती खोली ऐकू येते. त्या थांबण्यात मले आलं...

ठण, ठण. ... ठण.

म्हणलं वा, पायानं ताल धरला असन. पण ताल गाण्याचा नव्हता. पुढल्या थांबण्यात पुन्हा तेच, जरासं डावीकडं सरकलेलं. चौथ्या वेळी डाव्या स्पीकरच्याही पलीकडं गेलं, अन् तिथी आवाज बदलला. ढब.

दोन वाजत आले होते. ओपन कास्टचा भोंगा झाला. असे तीन भोंगे होतात, मंग सुरुंग. सुरुंग उडाले की घर हलते, म्हणून त्या आधी सुई उचलून ठेवाची हा माझा रोजचा नेम. मी सुई उचलली, सुरुंग उडाले, खिडक्या वाजल्या. मी चहा ठेवला. पण मनात तेच.

दुसऱ्या दिवशी सुनिलले फोन केला. "त्या गाण्यात ठोकल्याचा आवाज आहे का गा?"

"नाई बा. तुमची प्रत खराब असन भाऊ, घेऊन या."

मी बसनं राजुऱ्याले गेलो. त्याच्या सेटवर माझी प्रत लावली. साफ. एक ठोका नाई. त्याची प्रत मी घरी आणून लावली, तं ठोके आले. म्हणजे दोष तबकडीत नाई. चला, आपण फोरमन आहोत, एकेक करून पाहू. अर्थिंग तपासलं. फ्रिज बंद केला. टेबलाखाली रबर घातलं. मायचा पंखा बंद केला तं ती वैतागली. ठोके तसेच. दोन, थांबून एक.

हे मी आधी का ओळखलं नाई, असं तुम्ही म्हणाल. ओळखलं होतं. पहिल्याच दिवशी. पण कबूल कोण करते?

मंग मी एक करून पाह्यलं, ते न करतो तं बरं झालं असतं. मोटर बंद केली. तबकडी थांबलेली. त्या थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली अन् आवाज पूर्ण वाढवला. अशा वेळी नुसती सरसर यावी, दुसरं काही येऊच शकत नाई. दुपारचे बारा वाजले होते, ऊन टेबलापर्यंत आलं होतं, बाहेर कोणाची तरी बकरी ओरडून राह्यली होती.

ठण, ठण. ... ठण.

ॲम्पवरच्या मीटरचे काटे हलले. म्हणजे माझ्या कानाचा खेळ नव्हता, सुई खरंच काही तरी उचलून राह्यली होती. टेबलातून, फरशीतून, खालून. भाऊ, आपली फरशी म्हणजे खालच्याचं छत. हे डोक्यात आलं अन् मी पाय खुर्चीवर घेतले. साठीचा माणूस, लेकरावाणी पाय वर घेऊन बसलो.

भीती वाटली, पण खोटं कशाले सांगू, रडूही आलं. चव्वेचाळीस वर्षं. अन् तो अजून पाळीवर होता.

आमचं घर असं: मधी हॉल, तिथी माझा सेट. सेटकडं तोंड करून बसलं की डाव्या हाताले मायची खोली, उजव्या हाताले पोरीची जुनी खोली. ठोके मधून डावीकडं जात अन् मायच्या खोलीत गेले की ढब होत. उजवीकडं शेवटपर्यंत ठण. याच्यापुढं विचार करण्यासारखं काय होतं? मायचा पलंग त्याच दुपारी पोरीच्या खोलीत नेला. तिले पाटीवर लिहून सांगितलं, खोलीले रंग मारतो. तिनं कुरकुर केली अन् गेली. मी कंपनीच्या ऑफिसात अर्ज टाकला, की फरशीखाली पोकळ वाटते, माणूस धाडा. येतो म्हणाले. त्या जुन्या खाणीचा नकाशा कोणाजवळच धड नव्हता.

तीन दिवस गेले. ढब वाढून राह्यलं होतं. आधी एका कोपऱ्यात होतं, मंग अर्ध्या खोलीत. मी डावीकडच्या रिकाम्या खोलीले कुलूप लावून निवांत होतो. म्हणलं, बाबा, समजलं मले, तुझी बायको उठवली तिथून.

चौथ्या दिवशी पावणेदोनले सुनिलचा फोन आला. तो त्याच्या घरी तेच गाणं ऐकून राह्यला होता. म्हणाला, "भाऊ, तुम्हीही लावा ना आता, सोबत ऐकू." मी लावलं. आम्ही असं करतो कधी कधी, दोन म्हातारे, फोन कानाले लावून.

तो म्हणाला, "गिटार पाहा कसं डाव्या कोपऱ्यात बसलं आहे. एकदम भिंतीले टेकून."

मी म्हणलं, "डाव्या नाई, उजव्या."

"डाव्याच भाऊ. आतल्या कागदावर छापलं आहे ना, गिटार डावीकडं, माऊथ ऑर्गन उजवीकडं."

मी ऐकून राह्यलो होतो. गिटार उजवीकडं होतं. माझ्या घरी ते पहिल्या दिवसापासून उजवीकडंच होतं.

फोन खाली ठेवला की पडला, आठवत नाई. मी सुईच्या मागं बॅटरी धरली, भिंग लावलं. पांढरी जिथी पाहिजे तिथी लाल होती. लाल जिथी पाहिजे तिथी पांढरी. अडतीस वर्षं तारा जोडणारा माणूस मी. डावं उजवीकडं लावून बसलो होतो. बाप बरोबर सांगून राह्यला होता अन् मी उलटं ऐकत होतो. ढब डावीकडं नव्हतंच. ते उजवीकडं होतं, पोरीच्या खोलीत, अन् मायले उचलून मीच तिथी नेऊन ठेवलं होतं.

भोंगा झाला. पहिला.

मी पोरीच्या खोलीत धावलो. माय भिंतीकडं तोंड करून झोपली होती. हलवलं तं हात झटकला. तोंडापाशी जाऊन ओरडलो, माय ऊठ, बाहेर चाल. ती म्हणाली, "रंग मार ना तू तिकडं. मले इथून तिथी, तिथून इथी, मी काय मांजर आहे?" अन् पांघरूण ओढलं. उचलावं तं माझी कंबर अशी. दुसरा भोंगा झाला.

मंग मले काय सुचलं कोण जाणे. पलंगाच्या लोखंडी पट्टीवर मी माझ्या अंगठीनं ठोकलं. दोन. थांबलो. मंग एक.

तिले ऐकू येत नाई. पण तिचा हात त्या पट्टीवर होता. तिनं डोळे उघडले अन् माझ्याकडं पाह्यलं. मी बोटानं हवेत काट मारली.

"त्यानं मारली?" ती हळूच म्हणाली.

मी हो म्हणून मान हलवली.

"मंग चाल."

दहा वर्षं जी बाई दारापासून हलली नव्हती, ती चप्पल न घालता माझ्या आधी अंगणात आली. तिसरा भोंगा झाला, सुरुंग उडाले. रोजच्यापेक्षा मोठे नव्हते. पोरीची खोली खाली गेली. आवाज फार झाला नाई. फरशी, पलंग, कपाट, छताचा तुकडा, सगळं जसं बसल्या जागी खाली उतरलं, अन् खालून थंड हवा आली. ओल्या कोळशाचा वास अन् कार्बाइडच्या दिव्याचा. तसे दिवे खाणीतून जाऊन किती वर्षं झाली. माय त्या खड्ड्याकडं पाहत उभी होती. रडली नाई. पदर डोक्यावर घेतला, नवरा घरी आला की घेत असे तसा. डावीकडची खोली, कुलूप लावलेली, तिले तडाही गेला नाई.

अधिकारी आले, खाली दिवा सोडून पाह्यलं. जुना गाळा होता, बाकी काही मिळालं नाई. तुम्हाले वाटलं असन काही मिळालं म्हणून सांगून राह्यलो. नाई.

आठ दिवसांनी आम्ही इथी भद्रावतीले आलो. दुसरा मजला, खाली औषधाचं दुकान. मायनं आपल्या हातानं भांडी बांधली. मले वाटलं, आता ती जमीन सुटली, संपलं.

पहिल्याच सकाळी मायच्या खोलीच्या छतावर खडूचा गोल होता. पलंगाच्या बरोबर वर. आधीच्या भाडेकरूच्या लेकरानं काढला असन म्हणलं. पण नवा रंग माझ्यासमोर मारला होता. मायचा हात खांद्याच्या वर जात नाई. घरात खडूचा तुकडा नाई, मी उशीखाली, डब्यांत, सगळं पाह्यलं. मायले दाखवला तं ती हसली अन् म्हणाली, "राहू दे." दोन दिवसांनी स्वयंपाकघरात गोल आला. मंग या हॉलमधी. तो पाहा, पंख्याच्या बाजूले. इथी बसाले काही हरकत नाई.

मले सवयही झाली होती. खरं सांगतो, बरंही वाटत होतं.

राह्यली ती मागची खोली. तिथी मी झोपतो. येत्या सोमवारी नंदिनी येते, पोरीले अन् दीड महिन्याच्या नातवाले घेऊन. त्यांचं सगळं त्याच खोलीत लावलं आहे, पाळणाही. मी रोज सकाळी डोळे उघडले की आधी वर पाहत होतो. काही नसे. म्हणलं, तपासणी बाकी असन, गोल येईन पाळीपाळीनं.

आज सकाळी तिथी एक रेघ आहे. हातभर. भाऊ, गोलाची सुरुवात वाकडी असते. ही रेघ सरळ आहे.

नंदिनीले फोन केला, म्हणलं आणखी काही दिवस तिकडंच राहा. ती म्हणाली, काऊन? तिकीट काढलं आहे, येतो, म्हणाली अन् फोन ठेवला.

म्हणून तुम्हाले आजच या म्हणलं. या घरी आल्यापासून मी सेट लावला नाई, एकट्यानं हिंमत होत नाई. अन् एकदा उलटं ऐकलेल्या कानावर माझा भरवसा राह्यला नाई. तारा मी पुन्हा लावल्या आहेत, तीनदा तपासल्या. तरी तुम्ही एकदा पाहून घ्या. पांढरी डावीकडं, लाल उजवीकडं, बरोबर आहे ना?

मंग बसा असे मधोमध. मागची खोली तुमच्या डाव्या हाताले, तिकडून ठण येते का ढब, तेवढं पाहा. मी मोटर लावत नाई, नुसती सुई ठेवतो. तुम्ही काही बोलू नका, फक्त ऐका.